राणीच्या हातातली पेटी

"तू सोमवारी आणून दिलास तो नकाशा माझा नाही," फोनवर वली पारकर म्हणाले. "नक्कल आहे ती."

श्रावस्ती सलमाबादला, बाबांच्या खोलीत त्यांच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला शर्ट तिनं खाली ठेवला.

"चाचा, बाबांनी ज्या कापडात गुंडाळून ठेवला होता, त्याच कापडात मी तो दिला. गाठसुद्धा सोडली नव्हती."

"तुझ्यावर माझा शक नाही, बेटी. पण असल्या बारीक कामाचा हात या बेटावर एकाच हिंदी माणसाचा होता. तुझ्या बाबांचा. मेलेल्या माणसाबद्दल मला असं बोलायला आवडत नाही. शनिवारपर्यंत असली नकाशा आणून दे, मी कोणाला एक अक्षर सांगणार नाही. नाही मिळाला तर पोलिसांत जावं लागेल."

एक अक्षर सांगणार नाही म्हणणाऱ्या माणसानं सकाळपासून सात जणांना सांगितलं होतं. ते तिला नंतर कळलं.

तिचे बाबा, दत्तू तेलगोटे, आखातातल्या या बेटावर अस्करजवळच्या कारखान्यात एकोणीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. अठ्ठावीस मार्चला कामावरच छातीत कळ आली आणि ते गेले. देह अकोल्याला नेला तो त्यांच्या हाताखालच्या अश्वजित गजभियेनं. आता मे उजाडला होता. श्रावस्ती अकोल्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. चौदा दिवसांच्या व्हिसावर बाबांचं सामान आवरायला आली होती. रविवारचं परतीचं तिकीट होतं आणि आज बुधवार.

सामानात बारा मोठे तक्ते होते. वास्को द गामा हिंदुस्थानात उतरला त्याला या महिन्यात पाचशे वर्षं होत होती, आणि त्या निमित्तानं इथल्या भारतीय मंडळानं झल्लाकच्या एका हॉटेलात प्रदर्शन ठरवलं होतं. खर्च वली पारकरांचा. बोटींना सामान पुरवणारे रत्नागिरीचे मोठे व्यापारी ते. मधोमध त्यांचा जुना नकाशा लागणार होता आणि भोवती दत्तूंचे तक्ते. तक्त्यांचा विषय एकच होता: राजांच्या नावानं निघालेल्या सफरींना पैसा खरोखर कोणी दिला?

* * *

गुरुवारी सकाळी ती मनामाला पारकरांच्या घरी गेली.

नकाशा दिवाणखान्यातल्या टेबलावर पसरलेला होता. पिवळट कातडं, निळा समुद्र, फुगलेल्या शिडांची जहाजं. वरच्या कोपऱ्यात सिंहासनावर राणी बसली होती. तिच्या हातात उघडी पेटी होती आणि पेटीतून मोत्यांचा सर खाली लोंबत होता. समोर एक खलाशी गुडघे टेकून बसला होता. खाली साल होतं १५०८.

टेबलापाशी वलींचा भाचा उबेद उभा होता. तिशीचा, नीटनेटका, पायात चकचकीत बूट.

"ही नक्कल आहे हे कोणी ओळखलं?" श्रावस्तीनं विचारलं.

"उबेदनं," वली म्हणाले. "मला कुठलं दिसतंय? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जूनमध्ये कापायचा आहे. मला निळं तेवढं समुद्र, बाकी सगळं धुकं."

"तुम्ही कसं ओळखलंत?" तिनं उबेदला विचारलं.

"मॅडम, लिस्बनहून हा मी स्वतः आणला. मामांनी मला त्याच्यासाठीच पाठवलं होतं. असली नकाशात राणीच्या हातात कागद होता. घडी घातलेला करारनामा. इथं बघा, दागिन्यांची पेटी आहे."

"आणखी काय वेगळं आहे?"

"आणखी..." त्यानं नकाशावरून नजर फिरवली. "बाकी हुबेहूब आहे. तेच तर. उस्ताद माणूस होता."

"इतका उस्ताद माणूस नेमकी राणीच्या हातातली वस्तू चुकला?"

"आता ते त्यांनाच विचारायला हवं होतं, मॅडम."

"उबेद!" वली रागावून म्हणाले. "तिचा बाप गेलाय. तोंड सांभाळ."

श्रावस्तीनं काही मनावर घेतल्याचं दाखवलं नाही. "नकाशा इथं कधी आला?"

"नोव्हेंबरात. मामांच्या हातात दिला आणि दोनच दिवसांनी बहिणीच्या लग्नाला गावी गेलो. जानेवारीत परत आलो."

"आणि बाबांकडे?"

"फेब्रुवारीच्या शेवटी. बाजूचा तक्ता लिहायला पाहिजे म्हणाले. मीच नेऊन दिला."

"त्यानंतर त्यांना भेटलात?"

"मफी, नाहीच. एकदाही नाही. नंतर एकदम ते गेल्याचीच खबर आली."

"आणि तुम्ही हा पुन्हा उघडून बघितलात तो का?"

उत्तर वलींनी दिलं. "पुढच्या बुधवारी लंडनहून एक बाई येतायत. जुन्या नकाशांतल्या जाणकार. मी गेल्या आठवड्यात त्यांचं ठरवलं. त्यांच्यापुढे ही नक्कल ठेवली असती तर माझी काय शोभा झाली असती! अल्लानंच उबेदला बुद्धी दिली."

श्रावस्ती निघाली तेव्हा वलींच्या बायकोनं, अजराबींनी, तिला दारापाशी थांबवलं. हातात डबा कोंबला.

"सांदण आहेत. खा. काल जेवलीस का तू?" मग आवाज खाली आणून, "मला नाही गो खरं वाटत. डिसेंबरात एका जुम्म्याला तुझा बाप इथं सकाळपासून मगरिबच्या नमाजेपर्यंत जमिनीवर बसून गिरवत होता. बिर्याणी वाढली तर जेवून हात धुवायला पंधरा मिनिटं! म्हणे, कागदाला तेल लागेल. मी म्हटलं, दत्तूभाई, कातडी निघेल आता. असा माणूस चोरी करील?"

"हे तुम्ही चाचांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, चोर काय हात धूत नाहीत?"

* * *

दुपारी खोलीतला फोन वाजला. अकोल्याहून आई, सुमनबाई.

"श्रावू, मेश्रामबाई आली होती. तिचा जावई तिथंच हाये ना. तो म्हनते, तुह्या बाबानं कोनाचा तरी नकाशा इकला. काहून म्हनते तो असं?"

"आई, ते खोटं आहे."

"मले माईत हाये खोटं हाये. पन लोकायले कसं माईत होईन?"

फोन ठेवून श्रावस्ती बाबांच्या खाटेवर बसली. बाबांनी या खोलीत एकोणीस वर्षं काढली. तिला वर्षातून एक महिना बाप मिळाला, बाकीचे महिने पत्रं. पत्रांत पुस्तकांची नावं असायची आणि शेवटी, जेवत जा. आता त्या माणसाचं जे काही उरलं होतं ते म्हणजे नाव, आणि तेही शनिवारपर्यंतच.

तिनं तक्ते जमिनीवर मांडले आणि वाचायला घेतले. पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री आणि त्याच्या हातातली धर्मसंघाची तिजोरी. मॅजेलनच्या जहाजांत स्पेनच्या राजाच्या जोडीला एका व्यापाऱ्याचा पैसा. शेवटचा तक्ता या बेटाचा: १५२१ साली पोर्तुगीज इथं चाल करून आले ते एकटे नव्हते, होर्मुझच्या राजाची फौज बरोबर होती. थकलेली खंडणी त्याची होती, म्हणून गरजही त्याची.

चौथा तक्ता तिनं दोनदा वाचला. खाली तारीख होती, ११ मार्च ९८.

'राणी इसाबेलानं दागिने गहाण टाकून कोलंबसाला पैसे दिले, असं आपण शाळेत शिकतो. त्या वेळच्या कागदांत दागिने नाहीत. आहे तो करार. आहे तो दरबारातल्या सांतांहेल नावाच्या अधिकाऱ्यानं उभा केलेला पैसा. आणि आहेत ती पालोस गावाकडून शिक्षा म्हणून घेतलेली दोन जहाजं. दागिन्यांची गोष्ट पुढच्या पिढ्यांनी रंगवली. पैसे कोणाचे होते ते लोक विसरतात, राणीचा हात लक्षात ठेवतात.'

तक्त्यांच्या खाली एक गुंडाळी होती. उघडली तर नकाशाच, पण रंगाशिवाय. जांभळट रेघांत सगळं उतरवलेलं: जहाजं, डाग, कातड्याच्या सुरकुत्या, वाळवीची भोकंसुद्धा. उजव्या कोपऱ्यात चौकट होती. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, जसं आढळलं तसं. तारीख ५ डिसेंबर ९७. 'काढणार' या शब्दापुढे बाबांची सही. 'तपासणार' यापुढेही एक सही होती, पण छपाईत फिसकटलेली.

राणीच्या हातात पेटी होती.

चारच्या सुमारास अश्वजित शिफ्ट संपवून आला. "जय भीम, ताई." तो दारातच चपला काढून उभा राहिला. तिनं त्याच्यासमोर गुंडाळी उलगडली.

"हे काय आहे?"

"अमोनिया प्रिंट. ट्रेसिंगवरून निघते. आमच्या ऑफिसात मशीन आहे, दत्तूदादांनी तिथंच काढली असेल."

"जसं आढळलं तसं म्हणजे?"

अश्वजितला हसू आलं. "तो दादांचा नियम. साइटवर जाऊन ड्रॉइंग काढायचं तर जे आहे तेच काढायचं. पाइप वाकडा असेल तर वाकडाच. मॅनेजर म्हणायचे, तेलगोटे, सरळ काढा, दिसायला बरं. दादा म्हणायचे, सर, आधी पाइप सरळ करा, मग मी सरळ काढतो."

"म्हणजे मनानं काही घातलं नसेल."

"वाळवीचं भोकसुद्धा नाही."

"आणि तपासणार?"

"ज्यानं काढलं त्यानंच तपासायचं नसतं, ताई. दुसऱ्याची सही लागते. त्याशिवाय दादा पेन खाली ठेवायचे नाहीत."

"याचं मूळ ट्रेसिंग कुठंय? मी सगळी खोली शोधली."

"खोलीत नसणारच. ट्रेसिंग मालकाकडे राहतं. आपण न्यायची ती प्रिंट. एकोणीस वर्षांत दादांनी कारखान्यातून एक ट्रेसिंग घरी आणलं नाही."

श्रावस्तीनं चौकटीतल्या तारखेवर बोट ठेवलं; अजराबी म्हणाल्या तोही डिसेंबरच. मग म्हणाली, "अश्वजित, मार्चमध्ये बाबांकडे कोणी आलं होतं?"

"इथं कोण येतंय? हां, तो पारकरांचा भाचा आला होता. मी बाजूच्याच खोलीत राहतो ना. दादांनीच फोन करून बोलावलं असावं. चहा अर्धा टाकून गेला. बूट घालताना लेस बांधायचंही भान नव्हतं त्याला."

"काय बोलणं झालं?"

"मी दारातून आत येत होतो, शेवटचं तेवढं ऐकलं. दादा म्हणाले, बकरी ईदपर्यंत तूच सांग मामांना, मी सांगणार नाही. मला वाटलं, पोराचं लग्नाबिग्नाचं काही असेल."

"तारीख आठवते?"

"या तक्त्यावर अकरा तारीख आहे ना, त्यानंतरचा शुक्रवार. बाजूला हाच होता, पेन्सिलीवर दादांनी नुकतीच शाई फिरवलेली. मीच त्याला म्हटलं, भाई, सांभाळून, शाई ओली आहे."

* * *

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून वली आणि उबेद घरी आले तेव्हा श्रावस्ती दिवाणखान्यात बसलेली होती. शेजारी अजराबी. टेबलावर नकाशा होता.

"मिळाला?" वलींनी विचारलं.

"हो, चाचा. बसा."

उबेद बसला नाही.

"चाचा, पाच डिसेंबरला बाबा इथं आले होते. काय केलं त्यांनी?"

"गिरवलं काहीतरी. दिवसभर."

"तुमची सही घेतली?"

"घेतली असेल. मी दिवसाला पन्नास कागदांवर सह्या करतो. व्हिसाचे, बोटींचे. त्यानं बोट ठेवून जागा दाखवली, मी केली. काय होतं ते मला दिसलंसुद्धा नाही."

"तो कागद कुठं गेला?"

"काय ठाऊक!"

"मला ठाऊक आहे," अजराबी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी दत्तूभाई नळी देऊन गेले, म्हणाले, भाभी, ही तुमच्या घरातच ठेवायची. मी कपाटामागे लावली. आज हिनं विचारलं म्हणून आठवली. पडद्याची दांडी समजून नोकरानं दोनदा बाहेर काढली होती."

श्रावस्तीनं पत्र्याच्या नळीतून ट्रेसिंग काढलं. दुधी, अर्धपारदर्शक, काळ्या शाईच्या रेघा. तिनं ते नकाशावर पसरलं आणि कोपरे जुळवले. जहाजांवर जहाजं बसली, डागांवर डाग, वाळवीच्या भोकांवर बारीक वर्तुळं.

"चाचींना विचारा, राणीच्या हातात काय आहे?"

अजराबी वाकल्या. "पेटी. खाली पण पेटी, वर पण पेटी."

"हे ट्रेसिंग डिसेंबरचं आहे. बाबांनी या घरात, या जमिनीवर काढलं आणि प्रिंट काढून दुसऱ्याच दिवशी इथं परत आणून ठेवलं. खाली तुमची सही आहे. मूळ नकाशा बाबांच्या खोलीवर गेला तो फेब्रुवारीच्या शेवटी. म्हणजे पेटी त्याआधी तीन महिने होती."

वलींनी सही डोळ्यांपाशी आणली, दूर नेली, पुन्हा जवळ आणली. "माझीच आहे," ते म्हणाले. "पण मग असली कुठंय?"

"हाच. तुमच्याकडे दुसरा नकाशा कधी नव्हताच. नोव्हेंबरात उबेदनं आणला तो हा. बदलला कोणीच नाही. आणि हा १५०८ चा नाही."

"मॅडम, काहीही काय!" उबेद म्हणाला. "मी नीट बघितलं नसेल. पेटी काय, कागद काय, चूक होऊ शकते माणसाची."

"होऊ शकते. पण चूक इतकी नेमकी कशी झाली? या नकाशात चाळीस माणसं आहेत, वीस जहाजं. तुम्ही फक्त पेटीवर बोट ठेवलंत. कारण या नकाशाचं पितळ उघडं पाडणारी ती एकच गोष्ट आहे. राणीच्या दागिन्यांची गोष्टच मुळी नंतरची. १५०८ साली ती कोणी रंगवली नसती. ज्याला सफरीचा पैसा कुठून आला ते माहीत आहे त्यालाच हे कळेल. बाबांना अकरा मार्चला तक्ता लिहिताना कळलं. त्यांनी तुम्हाला बोलावलं."

"मी त्यांना भेटलोच नाही."

"शुक्रवारी, तेरा मार्चला. शाई ओली आहे म्हणून तुम्हाला सावध केलं तो माणूस बाहेर गाडीत बसलाय. बोलावू?"

उबेदनं खिडकीतून बाहेरच्या गाडीकडे पाहिलं.

"पेटीच्या जागी करारनामा हवा होता, हे तुम्हाला बाबांनीच सांगितलं. तेच तुम्ही काल मला सांगितलंत. बाबांचा शब्द बाबांवरच उलटवलात. ते गेले तेव्हा तुम्हाला वाटलं, सुटलो. मग चाचांनी लंडनच्या बाईंना बोलावलं. त्या पहिल्या नजरेत ओळखणार, आणि चाचा विचारणार, आणला कोणी? त्याआधी कोणीतरी चोर सापडायला हवा होता. जो उत्तर द्यायला येणार नाही असा."

वली हळूच म्हणाले, "उबेद?"

उबेद खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. बोलला तेव्हा आवाज वेगळाच होता, घरातला.

"मामू, मी बहिणीचं लग्न काढलं तेव्हा तुमच्याकडे आलो होतो. आठवतं? तुम्ही म्हणालात, यंदा हात अडकलाय, पुढच्या वर्षी बघू. पोरगा पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हता. आणि त्याच महिन्यात तुम्ही मला लिस्बनला पाठवलंत. एका कातड्यासाठी. का, तर खाली पितळी पट्टीवर तुमचं नाव लागेल." त्यानं नकाशाकडे पाहिलं. "तिथं एक म्हातारा चित्रकार दुकानांत लावायला असले नकाशे रंगवतो. त्याच्याकडून हा घेतला, उरलेल्या पैशांत लग्न झालं. तुम्ही जेवायला नव्हता, पण जेवण तुमचंच होतं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला विमानात बसवलं असतं. व्हिसा तुमच्याच नावावर आहे माझा."

"म्हणून माझ्या बाबांना चोर केलंत," श्रावस्ती म्हणाली.

"ते तर गेले होते, मॅडम. मला वाटलं, त्यांना आता काय फरक पडणार?"

अजराबी उठल्या आणि उबेदच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. मारतील असं वाटलं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "आत जा. माझ्या डोळ्यांसमोरून जा."

तो गेला. वली कितीतरी वेळ नकाशावर हात फिरवत राहिले, जणू हातांनी तरी काही दिसेल.

"मार्चपासून ठाऊक होतं त्याला," ते शेवटी म्हणाले. "इतकी वर्षं आमची दोस्ती. मला का नाही सांगितलं दत्तूनं?"

"त्यांनी उबेदला बकरी ईदपर्यंत मुदत दिली होती. मामांना तूच सांग म्हणाले. तुम्ही ते त्याच्या तोंडून ऐकावं असं त्यांना वाटत होतं. ईद सात एप्रिलला झाली. बाबा अठ्ठावीस मार्चला गेले."

वलींनी डोळे मिटले. बाहेर कोणीतरी गाडीचं दार आपटलं. अजराबींनी ट्रेसिंगचा उडणारा कोपरा तळहातानं दाबून धरला.

"मी किती जणांना सांगितलं गो?" वलींनी बायकोला विचारलं.

"सात. मी इथंच बसले होते."

"फोन आण. नंबर तू लाव, मला आकडे दिसत नाहीत."

"चाचा, जुम्म्याची दुपार आहे, लोक झोपले असतील," श्रावस्ती म्हणाली.

"उठतील."

पहिला फोन मंडळाच्या सेक्रेटरीला लागला. वलींनी घसा साफ केला. "मी वली पारकर. बुधवारी मी तुम्हाला दत्तू तेलगोट्यांबद्दल एक गोष्ट सांगितली होती. ती खोटी होती. नकाशा त्यांनी बदलला नव्हता... नाही, सापडला वगैरे काही नाही. नकाशाच खोटा आहे. माझ्या घरात खोटा आला, माझ्या माणसानं आणला."

"मोठ्यानं बोला," अजराबी म्हणाल्या. "बुधवारी तर रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं."

त्यांनी आवाज चढवला आणि तेच पुन्हा सांगितलं. मग दुसरा फोन. तिसऱ्याला समोरून बरेच प्रश्न आले, आणि वलींनी एकेकाचं उत्तर दिलं. चौथा मेश्रामबाईंचा जावई होता. त्याला सगळं सांगून झाल्यावर वली म्हणाले, "आता लगेच अकोल्याला फोन करा. माझ्यासमोर कबूल करा की कराल."

अश्वजित बाहेर गाडीत वाट बघत होता. एकदा त्यानं हॉर्नही वाजवला. श्रावस्ती खुर्चीत ताठ बसून होती. सातवा फोन संपेपर्यंत ती उठली नाही.